गाईने काय खाल्ले?



पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात, मंचरजवळ, अवसरी खुर्द नावाचे गाव आहे. त्याच्या शेजारी अवसरी बुद्रुक आहे. हे दोन्ही शब्द तुम्हांला परके नाहीत. फारसीत 'खुर्द' म्हणजे लहान आणि 'बुजुर्ग' म्हणजे थोर. बोलता बोलता 'बुजुर्ग'चे मराठीत 'बुद्रुक' झाले. महाराष्ट्रात अशी जोडगावे पुष्कळ आहेत. पुढच्या वेळी एस.टी.ने प्रवास करताना पाट्या वाचा. आपल्या भाषेतले शब्द मराठी गावांच्या नावांत कसे बसले आहेत, ते दिसेल.

या अवसरी खुर्दमध्ये आमच्या वर्गातील एका मुलीची खाला राहते. घरी थोडी शेती आहे. गोठ्यात दोन संकरित गाई, एक म्हैस आणि एक कालवड आहे. गोठ्याच्या मागे जमिनीत बांधलेला गोबरगॅसचा घुमट आहे. आमच्याकडे ज्याला 'गोबर' म्हणतात, त्याला मराठीत 'शेण' म्हणतात. पण शेणापासून मिळणाऱ्या गॅसला मात्र मराठी शेतकरीही 'गोबरगॅस'च म्हणतो.

दिवाळीच्या सुमारास या घुमटातून भरपूर गॅस मिळे. सकाळचा चहा, दोन्ही वेळच्या भाकऱ्या आणि कालवण, सगळे त्यावर होई. जानेवारीत गॅस कमी पडू लागला. सगळे म्हणाले, "थंडी आहे. थंडीत गॅस कमीच येतो." ते खरेही होते. गॅस तयार करणारे सूक्ष्म जीव उबेत जोमाने काम करतात. तीस ते सदतीस अंश सेल्सिअस तापमान त्यांना फार मानवते. पारा वीसच्या खाली गेला, की ते सुस्तावतात.

पण थंडी सरली. दुपारचे ऊन चटके देऊ लागले. रमजान आला, तरी गॅस वाढला नाही. सहरीच्या वेळी पोळ्या निम्म्या झाल्या, की शेगडीची ज्योत पिवळी होऊन विझे. मग खाला अंधारात अंगणात जाऊन चूल पेटवी. ओल्या लाकडांचा धूर होई. घड्याळाचा काटा पुढे सरके आणि घरातील माणसे अर्धपोटी रोजा धरत.

खालूंनी कारागिराला बोलावले. त्याने नळीच्या प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावून पाहिले. गळती असती, तर बुडबुडे आले असते. बुडबुडे आले नाहीत. घुमटाला तडा नव्हता. नळीत पाणी साचले नव्हते. शेण रोज पडत होते. पाटीने मोजले, तर पूर्वीइतकेच भरत होते. कारागीर म्हणाला, "यंत्र ठीक आहे. गॅस कुठे जातो, ते मला सांगता येत नाही."

सुट्टीत भाची खालाकडे गेली होती. परत आल्यावर तिने मला हा प्रश्न विचारला. मला लगेच उत्तर देता आले नाही. मी तिला उलट एकच प्रश्न विचारला, "दिवाळीत गाई काय खात होत्या आणि आता काय खातात?" तिने फोन करून विचारले. दिवाळीत हिरवा मका होता. लसूणघास होता. दोन्ही गाई दुधावर होत्या, म्हणून त्यांना सरकी पेंड, मक्याचा भरडा आणि गव्हाचा कोंडा असा खुराक मिळे. पुढे एक गाय भाकड झाली. दुधाचा भावही उतरला. खालूंनी खुराक जवळजवळ बंद केला. उसाची तोड सुरू झाल्यामुळे वाढे स्वस्तात मिळत होते. तेव्हापासून जनावरांपुढे वाढे आणि ज्वारीचा कडबा एवढेच पडत होते.

'खुराक' हाही आपलाच शब्द. मराठी शेतकरी मात्र तो एका खास अर्थाने वापरतो. गवत, कडबा, हिरवा चारा म्हणजे 'वैरण'. पेंड, भरडा, चुनी, कोंडा म्हणजे 'खुराक'. हा फरक लक्षात ठेवा. आपल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे त्यातच आहे.

आता गॅस कसा तयार होतो, ते थोडक्यात पाहू. शेण आणि पाणी सारख्या प्रमाणात कालवून शेणकाला तयार करतात. तो कुंडीतून जमिनीखालच्या बंद टाकीत सोडतात. टाकीत हवा नसते. तेथे निरनिराळे सूक्ष्म जीव शेणातील अन्नाचे तुकडे करतात. आधी त्याचे आम्ल बनते आणि शेवटी मिथेन नावाचा वायू सुटतो. गोबरगॅसमध्ये निम्म्याहून थोडा अधिक मिथेन असतो. उरलेला बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइडचा. जळतो तो मिथेन. साधारण पंचवीस किलो ताज्या शेणापासून एक घनमीटर गॅस मिळतो, असे पुस्तकांत लिहिलेले असते. हा आकडा सरासरीचा आहे. तो सगळ्या शेणाला सारखा लागू पडत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आपल्या देशात १९८१-८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून गावोगावी अशी संयंत्रे बांधली गेली. १९८४ साली 'दीनबंधू' हा कमी खर्चाचा घुमट निघाला. खालाच्या गोठ्यामागचा घुमट याच जातीचा आहे.

मित्रांनो, तुम्ही गाईला रवंथ करताना पाहिले असेल. उर्दूत त्याला 'जुगाली' म्हणतात. गाय भराभर चारा गिळते आणि नंतर तो पुन्हा तोंडात आणून सावकाश चघळते. तिच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतला सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. हे कोटीपोट म्हणजे एक चालताबोलता गोबरगॅस आहे! तेथेही हवा नसते. तेथेही सूक्ष्म जीव चाऱ्याचे तुकडे करतात. तेथेही मिथेन तयार होतो. मोठी गाय दिवसाला अडीचशे ते पाचशे लिटर मिथेन ढेकरांवाटे बाहेर सोडते. तो हवेत जातो. आपल्या शेगडीला त्याचा काही उपयोग नाही.

म्हणजे चारा दोनदा आंबतो. पहिल्यांदा गाईच्या पोटात आणि दुसऱ्यांदा आपल्या टाकीत. चाऱ्यातील उत्तम भाग गाय आधीच काढून घेते. त्याचे दूध होते, मांस होते, अंगात ताकद येते. गाईला जे पचले नाही, ते शेणातून बाहेर पडते. टाकीतल्या जीवांपुढे हे उरलेले ताट येते. ताटात काय उरले आहे, यावर गॅस अवलंबून असतो.

कडबा खाणाऱ्या जनावराच्या ताटात काय उरते? ज्वारीचे ताट पिकून वाळले, की ते ताठ आणि टणक होते. त्याला उभे ठेवणारा एक पदार्थ त्याच्या तंतूंत भरलेला असतो. त्याला लिग्निन म्हणतात. लाकडाला कठीणपणा येतो तो याच पदार्थामुळे. गाईच्या कोटीपोटातील जीवांना लिग्निन पचत नाही. टाकीतील जीवांनाही ते पचत नाही. शिवाय लिग्निन आपल्या आसपासच्या पचणाऱ्या तंतूंनाही वेढून बसते. कडब्याचा सुमारे निम्माच भाग गाय पचवते. बाकीचा शेणात येतो. म्हणून शेणाची पाटी भरलेली दिसते. पण त्या पाटीत काड्याच फार असतात. या काड्या टाकीत वर तरंगतात आणि त्यांचा जाड थर जमतो. त्या थरामुळे गॅस वर येण्यालाही अडथळा होतो. खालाच्या घरी पाटी मोजली, हे बरोबरच केले. परंतु पाटीत काय आहे, ते कोणी पाहिले नाही.

खुराक खाणाऱ्या गाईचे शेण वेगळे असते. ते मऊ असते. मक्याच्या भरड्यातील थोडे पिष्ट, म्हणजे स्टार्च, गाईच्या पोटातून न पचता निसटते. पेंडीतील प्रथिनांचाही काही भाग शेणात येतो. टाकीतील जीवांना हे सारे सहज पचते. अमेरिकेत १९८१ साली हाशिमोतो या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांसासाठी पाळलेल्या जनावरांच्या शेणावर प्रयोग केले. काही जनावरांना मुख्यतः मक्याचा मुरघास दिला होता, तर काहींना मुख्यतः मक्याचे दाणे. मुरघासवाल्यांच्या शेणातील एक किलो सेंद्रिय भागापासून जास्तीत जास्त सुमारे १७० लिटर मिथेन मिळाला. दाणेवाल्यांच्या शेणापासून सुमारे २९० लिटर! जनावरे एकाच जातीच्या धंद्यातली, फरक मुख्यतः खाण्याचा.

दुसरा एक आकडा आपल्या देशाविषयीचा आहे. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २००६ साली एक तक्ता प्रसिद्ध केला. त्यात उत्तर अमेरिकेतील व युरोपातील दुभत्या गाईंच्या शेणासाठी, एक किलो सेंद्रिय भागामागे, २४० लिटर मिथेन धरला आहे. भारतातील गाईंसाठी १३० लिटर धरला आहे. आपल्या गाई आळशी आहेत म्हणून नव्हे. त्या बहुतेक काड, कडबा आणि बांधावरचे गवत खाऊन जगतात म्हणून. मला तर यात आपल्या गाईचे कौतुकच वाटते. माणसाच्या काही उपयोगाचे नाही, ते खाऊन ती दूध देते.

मग हिरवा चारा? येथे थोडे जपून बोलले पाहिजे. कोवळ्या चाऱ्यात लिग्निन कमी असते, म्हणून त्याचे शेण चांगले आंबते. पण पावसाळ्यात कोवळे लुसलुशीत गवत खाल्ले, की शेण पातळ पडते. ताज्या शेणात एरवीही सुमारे ऐंशी टक्के पाणीच असते. पातळ शेणात ते आणखी वाढते. तीच पाटी, तेच वजन; पण त्यात पाणी जास्त. अशा वेळी कालवताना पाणी कमी घालावे लागते. घरातील बाई हे डोळ्यांनी ओळखते. तिला तक्ता लागत नाही.

कोंबड्यांची गोष्ट उलटी आहे. कोंबडी दाणे खाते, म्हणून तिच्या विष्ठेत गॅस देण्याची ताकद गाईच्या शेणापेक्षा जास्त असते. पण तिच्यात नत्रही फार असते. नुसती कोंबडीची विष्ठा टाकीत भरली, तर अमोनिया वाढतो आणि मिथेन तयार करणारे जीव गुदमरतात. तीच विष्ठा थोडी थोडी, काडीकचरा असलेल्या शेणात मिसळली, तर दोघांचे चांगले जमते. गाईला आजारपणात प्रतिजैविक औषधे दिली असतील, तर तिचे त्या दिवसांतील शेण टाकीत घालू नये. औषधाचा काही अंश शेणात येतो. ते औषध रोगाचे जंतू आणि आपल्या टाकीतले उपयोगी जीव यांच्यात भेद करत नाही.

आता एक कोडे उरते. खुराक तर जानेवारीच्या सुरुवातीलाच बंद झाला होता. मग खालूंच्या लक्षात ते का आले नाही? याचे कारण टाकीत आहे. अशी टाकी बांधताना शेण आत कित्येक आठवडे राहील, असा हिशोब करतात. आज घातलेले शेण आजच्या आज गॅस देऊन मोकळे होत नाही. आज जळणाऱ्या ज्योतीत आजचे, गेल्या आठवड्याचे आणि गेल्या महिन्याचेही शेण असते. जुने चांगले शेण हळूहळू बाहेर पडते आणि नवे काड्यांचे शेण हळूहळू जागा घेते. त्यामुळे गॅस एका दिवसात बंद पडत नाही. तो कणाकणाने कमी होतो. तेवढ्यात थंडीही आली होती. सगळा दोष थंडीवर गेला. थंडीचाही वाटा होताच. पण थंडी गेली आणि दोष उरला, तेव्हाच खरे कारण शोधायला हवे होते.

मी हे सारे भाचीला समजावून सांगितले. तिने ते खालाला सांगितले. खालू म्हणाले, "म्हणजे शेगडीसाठी गाईला पेंड चारू? पेंडीचे पोते केवढ्याला येते, तुमच्या सरांना ठाऊक आहे का?" त्यांचे म्हणणे अगदी योग्य होते. गॅससाठी गाईला खुराक देणे हा तोट्याचा धंदा आहे. खुराक द्यायचा तो दुधासाठी आणि गाईच्या प्रकृतीसाठी. शेणात मक्याचे अख्खे दाणे दिसू लागले, तर गॅस वाढेल हे खरे. पण शेतकऱ्याने त्यावर खूश होऊ नये. ते दाणे गाईला लागले नाहीत, असा त्याचा अर्थ आहे. दाणे नीट भरडले पाहिजेत.

तेव्हा पुण्यातील एका शास्त्रज्ञाचा विचार आपल्या उपयोगी पडतो. डॉ. आनंद कर्वे हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नातू. पुण्यात 'आरती' या नावाने ओळखली जाणारी ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था आहे. कर्वे त्या संस्थेचे प्रमुख होते. त्यांनी असा विचार केला, की गाईने खाऊन टाकलेले उष्टे ताट टाकीतल्या जीवांना का द्यावे? हे जीव मुळात जनावरांच्या पोटातलेच आहेत. मग जनावर जे खाते, तेच त्यांना का देऊ नये? त्यांनी उरलेले अन्न, खराब झालेले पीठ, खाण्यायोग्य नसलेले दाणे आणि फळे लहान टाकीत घालून पाहिली. पिष्ट किंवा साखर असलेला दोन किलो माल एका दिवसात जेवढा मिथेन देतो, तेवढ्यासाठी चाळीस किलो शेण आणि सुमारे चाळीस दिवस लागतात, असे त्यांच्या संस्थेने दाखवून दिले. या कामासाठी संस्थेला २००६ साली इंग्लंडमधील ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

खालाने हे ऐकले आणि ती एकदम म्हणाली, "पीठ खड्ड्यात टाकू? रिज्क आहे ते! गुनाह लागेल." मी तिला निरोप पाठवला, की खाण्याचे अन्न एक कणही घालायचे नाही. जे आपल्या ताटातही जात नाही आणि गाईच्या दावणीतही जात नाही, तेवढेच घालायचे. बुरशी लागलेले पीठ, आंबलेले कालवण, भाताची पेज, मंचरच्या बाजारातून परत आलेले सडके बटाटे. तेही बारीक करून, रोज मूठ मूठ. एकदम पाटीभर टाकले, तर टाकीत आम्ल फार वाढते आणि मिथेन करणारे जीव काम थांबवतात. मग पुन्हा सुरळीत व्हायला कित्येक दिवस लागतात.

खालूंनीही दोन गोष्टी केल्या. कडब्याची बारीक कुट्टी करून ते ती रात्रभर ओलसर ठेवू लागले. त्यामुळे जनावरे वैरण वाया घालवीनात आणि लांब काड्या टाकीत जाईनात. विहिरीला थोडे पाणी होते, त्यावर त्यांनी अर्धा गुंठा लसूणघास जगवला. दुधावरच्या गाईचा थोडा खुराक पुन्हा सुरू केला. तो मात्र दुधासाठी, असे त्यांनी बजावून सांगितले.

टाकीवरचा काड्यांचा थर बांबूने हलवून मोडला. पहिले काही दिवस फारसा फरक दिसला नाही. मी सांगितले होते, की टाकीला घाई ठाऊक नाही. रमजानच्या शेवटच्या दिवसांत सहरीच्या पोळ्या एका दमात होऊ लागल्या. ईदच्या दिवशी शिरखुर्मा मात्र सिलिंडरवरच झाला. पाहुणे फार होते.

भाचीने त्या घरात एक वही सुरू करून दिली आहे. तीत तारीख, शेणाच्या पाट्या आणि शेगडी किती वेळ जळली, असे तीन रकाने होते. आता चौथा रकाना आखला आहे. त्यावर लिहिले आहे, 'आज गाईने काय खाल्ले?'

शब्दार्थ

वैरण – जनावरांचा चारा, गवत, कडबा
कडबा – ज्वारीची वाळलेली ताटे
वाढे – उसाचे शेंड्याकडील हिरवे पान
मुरघास – हवा न लागू देता मुरवून ठेवलेला हिरवा चारा
कुट्टी – चाऱ्याचे बारीक तुकडे
भाकड – दूध देणे बंद झालेली
शेणकाला – शेण व पाणी यांचे मिश्रण
दावण – जनावरांना बांधण्याची व चारा टाकण्याची जागा

स्वाध्याय

१. शेणाच्या पाट्या पूर्वीइतक्याच भरत असूनही खालाच्या घरी गॅस का कमी झाला?
२. गाईच्या कोटीपोटाला 'चालताबोलता गोबरगॅस' का म्हटले आहे?
३. खुराक बंद झाल्याचा परिणाम लगेच का दिसला नाही, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. "शेगडीसाठी गाईला पेंड चारू?" असे खालू का म्हणाले? तुम्हांला त्यांचे म्हणणे पटते का?
५. पाठात आलेले, उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द शोधून वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : तुमच्या ओळखीच्या गोठ्यात जा. जनावरांना उन्हाळ्यात, पावसाळ्यात व हिवाळ्यात कोणती वैरण व कोणता खुराक देतात, ते मालकाला विचारा आणि दहा ओळींत लिहा.